मेहराबीतील वृद्ध सेवक : हजरत जकरिया (अ.)

सूरह मरयमचा प्रारंभ आपण अनेकदा ऐकला असेल. कित्येक घरांत ती सूरह मुखोद्गतही असते. आरंभीच्या पाच सुट्या अक्षरांनंतर पहिलाच प्रसंग येतो तो एका वृद्ध माणसाचा. तो एकांतात, अगदी हलक्या आवाजात आपल्या पालनकर्त्याला हाक मारीत आहे. हाडे खिळखिळी झाली आहेत, मस्तक पांढऱ्या केसांनी उजळून निघाले आहे, पत्नी वंध्या आहे, आणि तरीही तो वारस मागतो आहे. हे हजरत जकरिया (अ.).

म्हातारपणी मूल मागणारा एक बाप, एवढेच समजून आपण बहुधा पुढे जातो. त्यांनी आपल्या मागणीचे जे कारण सांगितले आहे त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. आपल्या पाठीमागे जे भाऊबंद राहतील त्यांची त्यांना भीती वाटत होती. म्हणजे भाऊबंद होते. घराणे बुडत चालले होते असे नव्हे. पाळी सांभाळायला, पद भूषवायला, हक्काचा वाटा उचलायला माणसे पुष्कळ होती. मग या वृद्धाला भीती कशाची वाटत होती? हे कळण्यासाठी ते ज्या सेवेत जन्मले, जिच्यात त्यांचे केस पांढरे झाले, ती सेवा आपण आधी समजून घेतली पाहिजे. त्यासाठी काही शतके मागे जावे लागेल.

हजरत मूसा (अ.) यांनी बनी इस्राईलला फिरऔनच्या दास्यातून सोडविल्यानंतर अल्लाहच्या उपासनेसाठी वाळवंटात एक तंबू उभारला गेला. तो घडीचा होता, मुक्काम हलला की तोही हलत असे. बनी इस्राईलच्या ग्रंथांत असे नमूद आहे की या तंबूची सेवा लावीच्या वंशाकडे सोपविण्यात आली आणि त्यांच्यातही कुर्बानी व लोबान अर्पण करण्याचे काम केवळ हजरत हारून (अ.) यांच्या संततीला देण्यात आले. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. हजरत हारून (अ.) यांची प्रेषिती वारशाने आलेली नव्हती. भावाने त्यांच्यासाठी दुआ केली आणि अल्लाहने ती कबूल केली, हे कुरआन स्पष्ट सांगतो. वारशाने चालली ती सेवा. प्रेषिती ज्याला द्यायची त्याला अल्लाहने दिली. सेवा मात्र बापाकडून मुलाकडे जात राहिली.

लावीच्या तीन मुलांच्या तीन शाखा होत्या, आणि प्रत्येक शाखेचे ओझे ठरलेले होते. गेर्षोनच्या घराण्याने तंबूचे पडदे व आच्छादने वाहायची. मरारीच्या घराण्याने फळ्या, अडसर, खांब आणि त्यांच्या बैठका. कहाथच्या घराण्याकडे सर्वांत पवित्र वस्तू होत्या, आणि ताबूत त्यांतच होता. तोच ताबूत, ज्यात मूसा व हारून यांच्या परिवारांनी मागे ठेवलेल्या वस्तू असल्याचे कुरआनात सांगितले आहे. या सेवेसाठी बैलगाड्या मिळाल्या तेव्हा गेर्षोनला २ गाड्या, मरारीला ४ गाड्या मिळाल्या आणि कहाथला एकही मिळाली नाही. कारण त्यांचे ओझे खांद्यावरूनच न्यावयाचे होते. ज्याचा मान मोठा त्याच्या खांद्याला घट्टे अधिक, असा तो हिशेब होता. वाळवंटातील त्या गणनेत तीस ते पन्नास वयाचे, सेवेस पात्र असे ८,५८० पुरुष भरले. त्यांना इतर टोळ्यांप्रमाणे जमिनीचा हिस्सा मिळाला नाही. वस्तीसाठी ४८ गावे आणि लोकांच्या उत्पन्नाचा दशांश हाच त्यांचा निर्वाह होता.

पुढे हजरत दाऊद (अ.) यांचा काळ आला. हजरत सुलैमान (अ.) यांच्या हातून बैतुल मुकद्दसची पक्की वास्तू उभी राहिली. पडदे आणि फळ्या वाहण्याचे काम संपले, तेव्हा त्या घराण्यांना नवी कामे मिळाली. कोणी गायक झाले, कोणी द्वारपाल, कोणी भांडारांचे रखवालदार. हारूनच्या वंशजांची २४ पथके पाडण्यात आली. त्यांतील १६ एका मुलाच्या, एलाजारच्या वंशातील आणि ८ दुसऱ्याच्या, इथामारच्या वंशातील. कोणाची पाळी केव्हा, याचा निर्णय चिठ्ठ्या टाकून झाला, म्हणजे थोरल्या-धाकट्याची तक्रार राहू नये. प्रत्येक पथकाने एक आठवडा सेवा करायची, शनिवारी पाळी बदलायची. वर्षातून साधारण दोनदा पाळी येई आणि तीन मोठ्या सणांना सर्वांनीच हजर राहायचे. बाकीचे दिवस ही मंडळी आपापल्या गावी राहत. या यादीतील आठवे पथक अबीयाचे. ख्रिस्ती परंपरेत हजरत जकरिया (अ.) यांची नोंद याच पथकात आहे, आणि त्यांच्या पत्नीही हारूनच्याच वंशातील असल्याचे तेथे म्हटले आहे.

या व्यवस्थेला मोठा तडाखा बसला तो इ. स. पूर्व ५८६ मध्ये. बाबिलच्या सैन्याने बैतुल मुकद्दस जाळले आणि लोकांना बंदी करून नेले. सुमारे अर्ध्या शतकानंतर परतण्याची मुभा मिळाली. त्या परतीच्या याद्या फार बोलक्या आहेत. हारूनच्या वंशातील ४,२८९ पुरुष परतले, तर सामान्य लावी केवळ ७४. मानाच्या कामाला माणसे मिळाली, ओझ्याच्या कामाला मिळाली नाहीत, असा कोणी अर्थ काढला तर त्याला दोष कसा द्यावा! त्याच याद्यांत आणखी एक नोंद आहे. काही घराणी आपण हारूनच्या वंशातील आहोत असे सांगत आली, परंतु त्यांची वंशावळ दफ्तरात सापडली नाही. त्यांना सेवेतून दूर ठेवण्यात आले. वंशावळीचा कागद ही आता प्रवेशाची किल्ली झाली होती. कागदावर बापाचे नाव असते. त्या बापाच्या रात्रीच्या नमाजा त्यावर नसतात.

हजरत जकरिया (अ.) यांचा काळ येईपर्यंत हे दुखणे फार वाढले होते. यरुशलेमवर हेरोदची सत्ता होती आणि हेरोदच्या डोक्यावर रोमची. सर्वोच्च पुरोहिताचे पद पूर्वी आजन्म असे. हेरोद ते आपल्या मर्जीने देऊ व काढू लागला. एका तरुण पुरोहिताची लोकप्रियता सहन न झाल्याने त्याने त्याला यरीहो येथील तलावात बुडवून मारविले. सणाच्या दिवशी घालावयाचा पवित्र पोशाखही किल्ल्यात, सत्ताधाऱ्यांच्या ताब्यात असे. याच हेरोदने इ. स. पूर्व २० च्या सुमारास बैतुल मुकद्दसची भव्य पुनर्रचना हाती घेतली. आतील पवित्र भागात इतरांना पाऊल टाकता येत नव्हते. म्हणून इतिहासकार योसेफस सांगतो त्याप्रमाणे १,००० पुरोहितांना पाथरवट व सुतार यांचे काम शिकविण्यात आले आणि त्यांनीच तो भाग बांधला.

सहीह मुस्लिममधील एका हदीसनुसार हजरत जकरिया (अ.) सुतार होते. या दोन गोष्टी एकमेकींना जोडण्याचा मोह होतो, पण हदीसमध्ये एवढेच आहे की ते सुतारकाम करीत, आणि तेवढेच आपल्याला पुरे आहे. दशांशावर ज्यांचा परंपरेने हक्क होता अशा वर्गातील हा माणूस हातात करवत व रंधा घेऊन आपली भाकर कमावीत होता. वर्षातले बहुतेक दिवस त्यांचे असेच लाकडाच्या भुशात गेले असतील.

पाळीचा आठवडा आला की मात्र यरुशलेमला जायचे. तेथील दिनक्रम यहुदी धर्मपंडितांनी पुढे सविस्तर लिहून ठेवला. रात्री पुरोहित आवारातच झोपत, अनवाणी पायांनी सेवा करीत. पहाटेचे पहिले काम म्हणजे कुर्बानीच्या वेदीवरील रात्रीची राख काढणे. पूर्वी हे काम हवे असलेल्यांनी वेदीच्या चढणीवरून धावत जायचे आणि जो पुढे पोहोचेल त्याला ते मिळायचे, असा रिवाज होता. एकदा दोघे बरोबरीने धावत असता एकाने दुसऱ्याला ढकलले आणि त्याचा पाय मोडला. तेव्हापासून तेही काम चिठ्ठीवर आले. राख काढण्याच्या कामासाठी ही स्पर्धा! एका काळी ती निखळ आवडीतून जन्मली असेल. आवड केव्हा अहंकारात बदलते, हे धावणाऱ्याला कळत नाही.

सर्वांत मोठा मान लोबान जाळण्याचा. तो सकाळ-संध्याकाळ जाळला जाई आणि त्यासाठी ज्यांनी पूर्वी कधीच ती सेवा केली नाही त्यांच्यातूनच निवड होई. पुष्कळांना आयुष्यात एकदाच ही संधी मिळे. तो लोबान तयार करण्याची कृती अब्तिनास नावाच्या घराण्याकडे होती. धूर काठीसारखा सरळ वर जावा यासाठी त्यात काय घालायचे ते त्यांनाच ठाऊक. दर शनिवारी बदलल्या जाणाऱ्या १२ पवित्र भाकरी भाजण्याची कला गार्मूच्या घराण्याकडे होती. दोन्ही घराणी आपले ज्ञान बाहेर कोणाला शिकवीत नसत. धर्मपंडितांनी इजिप्तमधील इस्कंदरियाहून कारागीर आणविले. पण त्यांच्या भाकरीला बुरशी येई, त्यांचा धूर वर न जाता पसरे. शेवटी जुन्या घराण्यांना दुप्पट मोबदला देऊन परत बोलवावे लागले. त्यांनीही आपली बाजू मांडली होती. हे ज्ञान चुकीच्या हाती पडून मूर्तिपूजेला वापरले जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरेही असेल. परंतु सेवेचे ज्ञान आपल्या चार भिंतींत कोंडून ठेवले की ती सेवा हळूहळू मालमत्ता होते, आणि मालमत्ता म्हटली की भाव आलाच.

वाचकहो, त्या वृद्ध सेवकाच्या भोवतीचे जग असे होते. अशा जगात एके दिवशी बैतुल मुकद्दसमध्ये एक तान्ही मुलगी आली.

इमरानच्या पत्नीने गर्भावस्थेत नवस केला होता की पोटातील बाळ सर्व बंधनांतून मोकळे करून केवळ अल्लाहच्या सेवेला देईन. तिला मुलगा अपेक्षित होता, कारण त्या पवित्र घराच्या सेवेत मुलगेच घेतले जात. जन्माला आली मुलगी. आईने आपल्या पालनकर्त्यापाशी ही अडचण मांडली. जणू काही त्याला ठाऊक नव्हते! त्याने त्या मुलीचा उत्तम रीतीने स्वीकार केला. आता तिचा सांभाळ कोणी करायचा? कुरआन सांगतो की सेवकांमध्ये यावरून वाद झाला आणि त्यांनी आपापल्या लेखण्या टाकून कौल घेतला. ज्या लेखण्यांनी ते तौरात लिहीत त्याच त्यांनी नदीच्या पाण्यात टाकल्या आणि हजरत जकरिया (अ.) यांची लेखणी प्रवाहाबरोबर गेली नाही, असे काही भाष्यकारांनी नोंदविले आहे. हजरत जकरिया (अ.) यांच्या पत्नी मरयमच्या मावशी होत्या, असे अनेक भाष्यकार म्हणतात. जबाबदारी त्यांच्याकडे आली.

येथे थोडे थांबू या. याच वास्तूत राख काढण्यासाठी चिठ्ठ्या पडत, लोबानासाठी पडत. त्या सर्व चिठ्ठ्या मान मिळविण्यासाठी असत. ही एक चिठ्ठी एका पोरक्या मुलीच्या सांभाळाची. बापाचे छत्र नसलेली, वंशाने पुरोहिताचे पद कधीच न मिळू शकणारी मुलगी. तिच्यासाठी मेहराब देण्यात आली. मेहराब म्हणजे आपल्या मशिदीतील किब्ल्याकडील कमान नव्हे. उपासनेसाठी राखलेली वेगळी खोली असा त्या शब्दाचा येथे अर्थ आहे. जकरिया (अ.) तिची विचारपूस करण्यासाठी जात, आणि जेव्हा जात तेव्हा तिच्याजवळ काही खाद्यपदार्थ दिसत. ऋतू नसताना फळे, असे भाष्यकार सांगतात. त्यांनी तिला विचारले, हे कोठून आले? तिने सांगितले, हे अल्लाहकडून आहे, तो ज्याला इच्छितो त्याला अमर्याद देतो.

विचार करा. आयुष्यभर ज्यांनी त्या घराची सेवा केली, ज्यांचा वंश शेकडो वर्षे त्याच कामात होता, ते एका लहान मुलीपुढे उभे राहून प्रश्न विचारत आहेत आणि ती त्यांना उत्तर देत आहे. त्यांना राग आला नाही, संशयही आला नाही. कुरआनच्या शब्दरचनेतून असे दिसते की त्याच ठिकाणी, त्याच वेळी त्यांच्या मनातून दुआ उमटली. बिनमोसमी फळ पाहून एका फळहीन झाडाला आशा वाटली, असे म्हटले तरी चालेल. पण मला वाटते, त्यांनी फळापेक्षा ती मुलगी अधिक पाहिली. खरी सेवा कशी दिसते हे त्यांनी तिच्यात पाहिले आणि मग आपल्या भाऊबंदांकडे पाहिले. भीती तेथे होती.

त्यांची दुआ तुम्ही अनुवादासह एकदा सावकाश वाचा. ते आधी आपली दुर्बलता मांडतात. मग सांगतात की तुझ्याकडे मागून मी कधीच विफल झालो नाही. मग भाऊबंदांचे भय. मग मागणी: मला एक वारस दे, जो माझा वारसा घेईल आणि याकूबच्या परिवाराचाही, आणि माझ्या पालनकर्त्या, त्याला तुझ्या पसंतीचा बनव. हा शेवटचा तुकडा नसता तर ही एका सामान्य गृहस्थाची मागणी ठरली असती. वारस हवा, पण तो तुला पसंत पडेल असाच हवा.

कोणता वारसा? सुताराच्या घरात वाटून घेण्यासारखे किती असणार! शिवाय याकूबच्या परिवाराची संपत्ती त्यांच्या मुलाला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तो परिवार एव्हाना हजारो घरांत पसरला होता. पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांनी स्पष्ट केले आहे की प्रेषित आपल्या मागे दिनार-दिरहम ठेवून जात नाहीत, ते ज्ञान ठेवून जातात आणि विद्वान हे त्यांचे वारस असतात. जकरिया (अ.) यांना जे हाती सोपवायचे होते ते हेच होते. पाळीचे वेळापत्रक सांभाळणारे खूप होते. पाळी कोणासाठी आहे हे ध्यानात ठेवणारा एक जण हवा होता.

सूरह मरयमचीच पुढची पाने उलटा. इब्राहीम, मूसा, इस्माईल, इदरीस (अ.) यांचा उल्लेख येतो आणि लगेच अशा उत्तराधिकाऱ्यांची वार्ता येते, ज्यांनी नमाज गमावली आणि जे वासनांच्या मागे लागले. सूरहच्या प्रारंभी एका वृद्धाला ज्यांची भीती वाटली तसलेच ते. अल्लाहने हजरत इब्राहीम (अ.) यांनाही नेतृत्व बहाल करताना, संततीबद्दल त्यांनी विचारल्यावर, बजावले होते की हा करार अत्याचाऱ्यांना लागू होत नाही.

यावरून इस्लामने वंशपरंपरागत सेवा सरसकट नाकारली असे कोणी समजू नये. हिजरी ८ मध्ये मक्का जिंकल्यावर काबागृहाची किल्ली पैगंबर (सल्ल.) यांच्या हाती आली. आपल्या घराण्यातील व्यक्तींना ती हवी होती. पण त्यांनी ती उस्मान बिन तल्हा (रजि.) यांना, ज्यांच्या घराण्यात ती पूर्वापार होती त्यांनाच परत केली. ती आजही त्याच बनू शैबा घराण्याकडे आहे. ठेवी त्यांच्या हक्कदारांना परत करण्याची आज्ञा देणारी आयत याच प्रसंगाशी जोडली जाते. म्हणजे किल्ली ठेव आहे, वतन नव्हे. आणि त्याच कुरआनात, हाजींना पाणी पाजणे व मस्जिदे हरामची देखभाल करणे यांना श्रद्धेच्या व अल्लाहच्या मार्गातील झटण्याच्या बरोबरीचे समजणाऱ्यांना त्यांची चूक दाखविण्यात आली आहे.

आपल्या महाराष्ट्रातही काझी, खतीब, मुजावर, मुलाणी ही आडनावे गावोगाव आहेत. गावगाड्यात मुलाण्याला बलुते होते, काझी-खतिबांना इनाम जमिनी होत्या. बलुते गेले, जमिनींचे वाद कोर्टात गेले, आडनाव राहिले. त्या आडनावाच्या पहिल्या पुरुषाने काय सांभाळले होते, हे ज्याने त्याने आपल्या घरी विचारून पाहावे.

आता पुन्हा मेहराबीकडे. जकरिया (अ.) नमाजमध्ये उभे असताना देवदूतांनी त्यांना हाक दिली. मुलगा होईल, त्याचे नाव यहया असेल. हे नाव पूर्वी कोणालाही दिले गेलेले नाही. पाहा, ज्या समाजात बापजाद्यांची नावे फिरून फिरून ठेवीत, तेथे या वारसाला घराण्यातील नावसुद्धा मिळाले नाही. ते आकाशातून आले. वृद्धाला आश्चर्य वाटले. मागितले त्यांनीच होते, तरी वाटले. माणसाचे मन असेच असते. उत्तर मिळाले की हे माझ्यासाठी सोपे आहे, याआधी तू काहीच नव्हतास तेव्हा मीच तुला निर्माण केले. त्यांनी एक खूण मागितली. खूण ही की धडधाकट असूनही तीन दिवस-रात्री लोकांशी बोलता येणार नाही, केवळ खुणा करता येतील. इंजीलच्या प्रचलित पाठात हे मौन बाळाच्या जन्मापर्यंत लांबते आणि अविश्वासाची शिक्षा म्हणून येते. कुरआनात ते मागून घेतलेले चिन्ह आहे आणि त्या काळात अल्लाहचे स्मरण पुष्कळ करण्याची आज्ञा आहे. माणसांशी जीभ बंद, पालनकर्त्याशी खुली. ते मेहराबीतून बाहेर आले, लोक वाट पाहत होते. त्यांनी खुणेने सांगितले की सकाळ-संध्याकाळ अल्लाहचे पावित्र्यगान करा. लोबानाच्याही वेळा याच होत्या.

सूरह अंबियात या कुटुंबाचे जे वर्णन आहे ते वाचून आपल्या घराकडे पाहावेसे वाटते. अल्लाहने त्यांच्या पत्नीला दोषमुक्त केले, त्यांना यहया दिला. ही सर्व मंडळी सत्कर्मांत घाई करणारी होती, आशेने व भयाने त्याला पुकारणारी होती, त्याच्यापुढे नम्र होती. सत्कर्मांत घाई! वेदीच्या चढणीवरची ती धावाधाव आठवते आणि दोन प्रकारच्या घाईतील अंतर कळते.

यहया (अ.) यांना बालपणीच विवेक देण्यात आला. ग्रंथ दृढपणे धरण्याची आज्ञा झाली. हृदयाची कोमलता मिळाली, शुद्धता मिळाली. ते मातापित्यांशी सद्‌वर्तनी होते, उद्धट नव्हते. बापाच्या पथकात त्यांनी पाळी केल्याचे कोठेही नमूद नाही. ख्रिस्ती परंपरा तर त्यांना अरण्यात, उंटाच्या केसांच्या वस्त्रांत दाखविते. मेअराजच्या रात्री पैगंबर (सल्ल.) यांना दुसऱ्या आकाशावर यहया व ईसा (अ.) एकत्र भेटले, दोघे मावसभाऊ. पाचव्या आकाशावर हारून (अ.) भेटले.

हजरत जकरिया (अ.) यांच्या मृत्यूविषयी कुरआनात काही नाही. झाडाच्या खोडात लपले असता त्यांना करवतीने चिरले गेले, अशी एक कथा वाजांतून रंगवून सांगितली जाते. ती इस्राईली कथांमधून आली आहे, तिला कुरआनाचा वा सहीह हदीसचा आधार नाही. ज्या सुताराच्या हातातील करवत आपल्याला हदीसने दिली आहे, त्याच्याच अंगावर ती फिरविण्याची घाई आपण का करावी? सीरियातील हलब शहराच्या मोठ्या जामा मशिदीत त्यांच्या नावाची मजार आहे. उमय्या काळात उभी राहिलेली ही मशीद तेथील यादवीत होरपळली आणि इ. स. १०९० च्या सुमारास बांधलेला तिचा मिनार एप्रिल २०१३ मध्ये कोसळला. बैतुल मुकद्दसची ती २४ पाळ्यांची व्यवस्था तर त्याआधी कितीतरी शतके, इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने लावलेल्या आगीत संपली होती. हारूनच्या वंशाची घराणी यहुद्यांत आजही आहेत, आडनावांतही ती ओळखू येतात, पण कुर्बानीची वेदी नाही आणि लोबानाची पाळीही नाही.

त्या आगीच्या काही दशके आधीची एक घटना मुस्नद अहमद व तिर्मिजीमधील हदीसमध्ये आली आहे. अल्लाहने यहया (अ.) यांना पाच गोष्टींची आज्ञा दिली आणि बनी इस्राईललाही ती सांगण्यास फर्माविले. त्यांनी सर्वांना बैतुल मुकद्दसमध्ये जमविले. मशीद इतकी भरली की लोक वर सज्ज्यांवर जाऊन बसले. ज्या जागी बापाने हलक्या आवाजात वारस मागितला होता, तेथे आता तो वारस मोठ्याने बोलत होता. त्याने पाच गोष्टी सांगितल्या: केवळ अल्लाहची भक्ती, नमाज, रोजा, सदका आणि अल्लाहचे स्मरण. त्यांतील एकही गोष्ट कोणत्याही घराण्याच्या पाळीवर अवलंबून नव्हती.